फक्कीची रेघ बरोबर होती : वडगावातल्या एका चराचा प्रकरण अभ्यास

मे महिन्याचा तिसरा आठवडा. बेळगावातल्या वडगावच्या विणकर गल्लीत दुपारी कुणाशी बोलायचं तर कानाजवळ तोंड न्यावं लागतं, कारण दोन्ही अंगांच्या घरांतून पॉवरलूमचा खडखडाट चालू असतो. त्या गल्लीत ड्रेनेजची नवी लाइन टाकायचं काम चाललं होतं. आषाढात मंगाईची जत्रा. तिच्या आत चर बुजवून रस्ता मोकळा करा, असं ठेकेदाराला वरून बजावलेलं. गँग अकरा जणांची. मुकादम, जेसीबीचा ऑपरेटर, सहा खोदणारे आणि माती वाहणाऱ्या तीन बाया.

अडीचच्या सुमारास एका पोराची पहार कशाला तरी लागली. दगडाला लागल्यावर खण्ण होतं तसं झालं नाही, मऊ लागलं. माती सारून बघितलं तर काळी केबल. वरचं आवरण फाटलेलं आणि आतल्या लोखंडी पट्ट्या दिसत होत्या. ठिणगी नाही, धूर नाही. गल्लीतले माग चालूच. मुकादम वाकून बघून म्हणाला, "जुनी मेल्याली केबल असंल. माती टाक आनी चल फुडं." दोन घमेली माती वर पडली, पहार तिथंच रोवलेली राहिली आणि गँग पुढं सरकली.

पाच वाजता वळवाची सर आली. चरात वीतभर पाणी साचलं. सातला गल्लीतले दिवे लागले. सव्वासातला तोच पोरगा पहार काढायला चरात उतरला आणि पहारीला हात लावताच मागच्या ढिगाऱ्यावर फेकला गेला. दुसरा एक जण त्याला धरायला चराकडं धावला, त्याला दारात उभ्या असलेल्या एका विणकर मामांनी शर्टाला धरून मागं ओढलं. त्या मामांमुळं त्या रात्री एकच माणूस दवाखान्यात गेला.

पोरगा वाचला. तळहात भाजला होता. शुद्धीवर होता, बोलत होता, "काय झालं न्हाई, घरी जातो" म्हणत होता. तरी त्याला नेऊन रात्रभर ठेवून घेतलं. विजेचा धक्का बसलेला माणूस वरून ठणठणीत दिसला तरी हृदयाची लय नंतर बिघडू शकते, त्यामुळं ईसीजी काढल्याशिवाय त्याला घरी पाठवायचं नसतं. हे खोदाईवरच्या प्रत्येकाला माहीत असायला हवं, म्हणून सुरुवातीलाच लिहून ठेवतो.

ही हकिगत मी लिहितोय, कारण या गँगला दोन आठवड्यांपूर्वी 'जमिनीखालच्या वाहिन्या खोदण्याआधी कशा शोधायच्या' हे शिकवणारा मीच होतो.

आधी काय शिकवलं होतं

माझं आयुष्य याच शहरात केबलजोडणीच्या कामात गेलं. आता काही वर्षं ठेकेदारांच्या माणसांना शिकवतो. बेळगावात या कामाची गरज वाढण्याचं कारण उघड आहे. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत नाव आलं आणि रस्ते उकरले गेले. त्याआधी २००८ च्या सुमारास काही भागांत चोवीस तास पाण्याची योजना आली, तिचे नवे पाइप आले. राकसकोप आणि हिडकलच्या धरणांतून येणाऱ्या पाण्याच्या जुन्या लाइनी होत्याच. त्यावर इंटरनेटच्या फायबर केबल्या, मग घरगुती गॅसचे पाइप, मग नव्या खांबांच्या केबल्या. आठ-दहा फुटांच्या गल्लीत हे सगळं शेजारी-शेजारी, कधी एकमेकांवर आडवं. कुणी कुठं काय पुरलं याचा एकत्र नकाशा कामावरच्या माणसाच्या हातात कधी येत नाही.

त्या पहिल्या प्रशिक्षणात मी उद्यमबागेतल्या एका गोडाऊनमध्ये पडद्यावर चित्रं दाखवली. त्यावरची नावं इंग्रजीत होती, मी ती मराठीत सांगत गेलो, एक जण कानडीत सांगत होता. मग अंगणात लोकेटर, म्हणजे जमिनीखालची केबल शोधणारं हातातलं यंत्र, फिरवून दाखवला. गोडाऊनला येणाऱ्या केबलवर तो जोरात वाजला. एकेकानं हातात घेऊन फिरवला, सगळ्यांच्या हातात वाजला. पोरं खूश झाली, त्यांनी त्याचं नाव 'वाजणारी काठी' ठेवलं. हजेरीपटावर सह्या-अंगठे झाले, फोटो निघाला. बायांना बोलावलं नव्हतं. "त्या खोदत न्हाईत," असं मुकादम म्हणाला, आणि मीही मान डोलावली.

चर उघडल्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइनमननं फिडर पिलरमधून, म्हणजे वीज वाटणाऱ्या रस्त्यावरच्या पेटीतून, खांबांची लाइन तोडली, वीज खरंच गेली का ते तपासलं, मग आम्ही हातानं माती काढली. जखमी जागेच्या दोन्ही बाजूंना मिळून चार फुटांत काय निघालं ते सांगतो. एक जाड केबल, मागांना वीज देणारी. तिच्यापासून दीड फुटावर ती फाटलेली केबल, पथदिव्यांची. पलीकडं सिमेंटचा जुना पाण्याचा पाइप. आणि भिंतीकडेला घरगुती नळजोडणीचे दोन प्लास्टिकचे पाइप.

काठी वाजली तिथं पोरांनी फक्की, म्हणजे खुणेची पांढरी पूड, मारलेली होती. रेघ पावसानं फिकी झाली होती तरी दिसत होती, आणि ती अगदी मागांच्या केबलवर होती. मी टेप लावून मोजलं, चार बोटांचाही फरक नव्हता. शिकवलं तसं त्यांनी केलं होतं. जी वाजली तिच्यापासून दीड फूट सोडून, मोकळ्या जागेत खोदलं होतं.

लोकेटर पॉवरवर ठेवला की तो केबलमधून वाहणाऱ्या विजेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र ऐकतो. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, तोच सूर तो पकडतो. मागांची केबल दुपारी अडीचला भरभरून वाहत होती, ती ठणाणा वाजणारच. पथदिव्यांची केबल दिवसभर बंद असते. तिच्यातून काही वाहत नाही, तर काठीला ऐकू काय येणार? संध्याकाळी दिवे लागले की तीच केबल जिवंत होते. आमच्या गँगनं तिला दुपारी शोधलं, दुपारी फोडलं आणि संध्याकाळी तिच्याशी गाठ पडली.

यात आणखी एक गोम आहे. मोठ्यानं वाजणाऱ्या केबलशेजारी हळू वाजणारी झाकून जाते, मागांच्या आवाजात माणसाचं बोलणं बुडतं तशी. आणि चालू केबलसुद्धा कधी कधी हळू वाजते. तिन्ही फेजांवर भार सारखा असेल तर त्यांची क्षेत्रं एकमेकांना बरीचशी खोडून टाकतात.

म्हणून त्या काठीला आणखी दोन कामं येतात. लांबच्या रेडिओ प्रक्षेपणाच्या लहरी जमिनीतल्या लांब धातूच्या वाहिनीत उतरतात आणि तिच्यातून परत बाहेर पडतात. रेडिओवर ठेवलं की बंद केबल आणि लोखंडी पाइपही पुष्कळदा सापडतात. तिसरं काम जनरेटरचं. डब्याएवढं यंत्र आपला वेगळा सूर, बहुतेक ३३ किलोहर्ट्झचा, केबलवर चढवतं आणि काठी तोच सूर शोधत जाते. केबलभोवती चिमटा लावून तो चढवला तर खात्रीचं काम होतं, पण तो चिमटा वीज खात्याच्या माणसानंच लावायचा. नुसता डबा जमिनीवर ठेवूनही सूर चढतो, मात्र तो शेजारच्या वाहिन्यांवरही सांडतो. शिवाय डब्याच्या जवळ काठी हवेतूनच ऐकते, म्हणून दहा-पंधरा पावलं लांब गेल्याशिवाय तिचं म्हणणं धरायचं नसतं.

हे सगळं मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. "आधी पॉवरवर बघा" असं माझं वाक्य होतं. आधी काय ते पोरांनी चोख केलं. नंतर काय ते मी तोंडानं सांगितलं, हात धरून करून घेतलं नाही.

पण मला खरा चटका लावला तो काठीनं नाही. माती काढून झाल्यावर मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो आणि खांब मोजले. आठ खांब. आठही नवे, प्रत्येकाच्या पायथ्याशी हातभर उंचीवर छोटं लोखंडी दार. आणि एकाही खांबाला वरून तार येत नव्हती. दिवा तर रोज लागतो. मग वीज येते कुठून? सात वर्षांच्या पोराला विचारलं तरी ते जमिनीकडं बोट दाखवील. खांबाखांबाला जोडणारी रेघ मनात ओढली तर ती बरोबर आमच्या चरातून जात होती. डांबरातही हातभर रुंदीची वेगळ्या रंगाची पट्टी त्याच ओळीत दिसत होती. काठी हातात आली आणि आमचे डोळे खाली तिच्या पडद्याला चिकटले.

चौकशीत माती वाहणाऱ्या एका मावशींना सहज विचारलं, काल काही वेगळं दिसलं का? त्या म्हणाल्या, "वाळू आली की घमेल्यात. काळ्या मातीत पांढरी वाळू. दोन खेपा." कधी? "त्यो पहार मारायच्या आधी." मग सांगितलं का नाही? "आमास्नी कोन विचारतंय, अण्णा?"

ज्याला हे काम माहीत आहे त्याच्या पोटात हे ऐकून गोळाच येईल. केबल पुरताना तिच्या खाली-वर वाळूची गादी घालतात आणि त्यावर विटा किंवा फरश्या मांडतात, नियमच आहे तसा. वडगावच्या शिवारात बासमती पिकवणारी माती काळीभोर, तिच्यात पांढरी वाळू आपोआप येत नाही. वाळू आली म्हणजे केबल वीतभर लांब. खोदणाऱ्याचं लक्ष पहारीच्या टोकावर असतं, घाम डोळ्यांत असतो. माती बघतो तो माती उचलणारा. आणि त्यांनाच आम्ही शिकवायला बोलावलं नव्हतं.

दुसऱ्यांदा शिकवताना

ठेकेदाराचं पाइप ठेवायचं आवार मच्छेच्या बाजूला आहे. तिथं एका कोपऱ्यात आम्ही जमीन खोदून मुद्दाम पाच गोष्टी पुरल्या. दिव्याला जोडलेली केबल, लोखंडी पाइप, प्लास्टिकचा पाइप, तारेसह पुरलेला दुसरा प्लास्टिकचा पाइप आणि कुठंच न जोडलेला केबलचा तुकडा. दिव्याच्या केबलला सुरक्षिततेसाठी धक्क्याला तोडणारा स्विच लावला. वरून माती सारखी करून आठवडाभर तुडवू दिली. मग चार दिवस, रोज अर्धा दिवस, अकराच्या अकरा जणांना बोलावलं. बायांसकट. मजुरी पूर्ण.

पहिल्या दिवशी काठी बाहेर काढलीच नाही. नुसतं चालायचं आणि जे दिसेल ते बोलायचं. चेंबरचं झाकण, व्हॉल्व्हची टोपी, खांब, गॅसचा पिवळा दगड, भिंतीवरून जमिनीत उतरणारा पाइप, डांबरातलं ठिगळ, एकाच ओळीत खचलेली माती. एक झाकण दिसलं की दुसरं शोधायचं आणि दोघांमध्ये दोरी धरायची. यात मुकादम सगळ्यांत पुढं होता. वडार घराण्यातला माणूस, दगड-माती त्याच्या दोन पिढ्यांनी वाचलेली. "ही माती एकदा उकरल्याली हाय," असं तो पायानं दाबून सांगायचा आणि दहातल्या आठ वेळा बरोबर असायचं. त्याचं हे ज्ञान पहिल्या प्रशिक्षणात मी एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काठी. दिवा बंद ठेवून मी म्हटलं, पॉवरवर फिरवा आणि जागा मोकळी असेल तिथं पांढऱ्या फक्कीनं चौकोन आखा. त्यांनी फिरवली, दोन्ही दिशांनी फिरवली, चौकोन आखला. मुकादम त्यात जाऊन उभा राहिला. मग मी स्विच दाबला. दिवा लागला आणि काठी बाजूला धरून उभ्या असलेल्या पोराच्या हातात ती वाजायला लागली, मुकादमाच्या पायाशी. तो एक पाऊल मागं सरला. कुणीच काही बोललं नाही. त्यानंतर रेडिओ आणि जनरेटर ही कामं मला समजवावी लागली नाहीत, त्यांनीच मागून घेतली. सूर सगळ्यात मोठा लागला की तिथंच काठी वळवून बघायची, आवाज बुडाला म्हणजे वाहिनीची दिशा कळली, हेही त्या दुपारी त्यांच्या हातात बसलं.

प्लास्टिकच्या पाइपवर मात्र कुठलंच बटण चाललं नाही. तारेसह पुरलेला सापडला, नुसता सापडला नाही. हे त्यांनी स्वतःच्या हातानं अनुभवणं मला हवं होतं. जमिनीत रडारच्या लहरी पाठवून प्लास्टिकही शोधता येतं, ते यंत्र गाडीसारखं ढकलत नेतात. पण ओल्या काळ्या मातीत रडारची लहर लवकर विरते. खानापूरकडच्या जांभ्या-मुरमाच्या जमिनीत कोरड्या दिवसांत थोडं बरं चालावं, बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात त्याच्या भरवशावर राहू नये. वडगावची मातीही काळीच. त्यामुळं आमच्या गँगपुरता शेवटचा उपाय हातानं घेतलेला तपास-खड्डा हाच.

खोलीचा विषय मी आकड्यांनी सांगितला आणि लगेच त्या आकड्यांवर विसंबू नका असंही. भारतीय मानकाप्रमाणं कमी दाबाची केबल ७५ सेंटिमीटर खाली, ११ किलोव्होल्टपर्यंतची ९० सेंटिमीटर, ३३ ची १०५. फायबरसाठी दूरसंचार खात्याचं माप १६५ सेंटिमीटर. आमची पथदिव्यांची केबल निघाली ४० सेंटिमीटरवर, कारण मध्यंतरी गटार बांधताना रस्त्याचा काठ खाली घेतला होता. काठीच्या पडद्यावर खोलीचा आकडा येतो, तोही शेजारी दुसरी वाहिनी असली की चुकतो. म्हणून रेघेच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या मीटरच्या आत जेसीबीचा दात नाही. पहार आणि टिकाव तर नाहीच. फावडं तिरकं धरून, कडेनं आत येत, पातळ थर काढायचा. केबल उघडी पडली की तिच्यावर पाय देऊन चढायचं नाही, तिला आधार द्यायचा. आणि कुणाची ते कळेपर्यंत प्रत्येक केबल जिवंत. 'मेल्याली' हा शब्द कामावर बंद.

रंगांचं अमेरिकेत ठरलेलं एक गणित आहे, तेच आम्ही घेतलं. विजेला लाल, पाण्याला निळा, गॅसला पिवळा, टेलिफोन-फायबरला नारिंगी, ड्रेनेजला हिरवा आणि खोदायच्या जागेला पांढरा. रंगाचे डबे महाग पडतात म्हणून आम्ही बाजारातून गेरू, नीळ आणि पिवळा रंग आणून फक्कीत मिसळले. पावसाच्या दिवसांत रेघ टिकत नाही, मग त्याच रंगाच्या चिंध्या बांधलेल्या खुंट्या.

थांबवण्याची खूण ठरवायला सगळ्यांत जास्त वेळ गेला. मराठीत 'थांब', कानडीत 'निल्सू', आणि झारखंडहून आलेला ऑपरेटर 'रोको' म्हटल्यावर थांबणारा. पण मागांच्या खडखडाटात यातलं काहीच ऐकू येत नाही. शेवटी दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली करायची, असं ठरलं. फुली दिसली की बकेट जिथं असेल तिथं थांबली पाहिजे. फुली कुणीही करावी, घमेलं उचलणारीनंही. मी ऑपरेटरला विसाव्या खेपेला अचानक थांबवून पाहिलं, मावशींना करायला लावून पाहिलं. पहिल्या दिवशी तो माझ्या फुलीला लगेच थांबायचा आणि मावशींच्या फुलीला आधी मुकादमाकडं बघायचा. ते बघणं जाईपर्यंत आम्ही सराव सोडला नाही.

धक्क्याची वेळ आलीच तर काय, तेही करून घेतलं. माणूस चिकटला असेल तर त्याला हात लावायचा नाही, आधी वीज तोडायची, १९१२ वर वीज खात्याला आणि १०८ ला फोन. जेसीबी केबलला लागला तर ऑपरेटरनं केबिनमध्येच बसून राहायचं, बाकीच्यांनी लांब व्हायचं. आग लागून उतरावंच लागलं तर यंत्र आणि जमीन यांना एकाच वेळी न शिवता दोन्ही पाय जोडून उडी मारायची आणि पाय जोडूनच उड्या मारत लांब जायचं. गॅसचा पाइप फुटला तर इंजिन बंद, विडी-मोबाइल काही नाही, वारा जिकडून येतो त्या बाजूला सरकायचं, आणि पाइप दाबून धरायला किंवा मातीनं बुजवायला कुणी धावायचं नाही.

मीटरचा हिशेब

चौथ्या दिवशी मुकादम मला बाजूला घेऊन म्हणाला, "सायेब, तुमी सांगतासा ते पटतंय. पर आमाला पैशे मीटरवर मिळत्यात. खड्डा मारून बघत बसलो तर संध्याकाळी हातात काय घेऊन जायचं?"

या प्रश्नाला माझ्या प्रशिक्षणात उत्तर नव्हतं, आणि ते नसताना बाकी सगळं वाऱ्यावर होतं. अपघाताच्या दुपारी केबल दिसूनही माती टाकून पुढं जाण्यामागं अडाणीपणा नव्हता. थांबलं असतं तर लाइनमन येईपर्यंत अर्धा दिवस गेला असता आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे गेले असते अकरा घरांचे. मी ठेकेदाराशी बोललो. पहिल्यांदा तो नाही म्हणाला. दवाखान्याचं बिल, केबल जोडायचा खर्च आणि चार दिवस बंद राहिलेलं काम हे मी एका कागदावर लिहून त्याच्यासमोर ठेवलं, शेजारी वीस तपास-खड्ड्यांची मजुरी लिहिली. दोन्ही आकडे बघून तो बराच वेळ गप्प बसला. मग खड्ड्याला वेगळा दर ठरला, आणि खुणेनं काम थांबलं तर त्या वेळाची मजुरी कापायची नाही असंही. हे त्यानं गँगसमोर उभं राहून सांगावं असा मी हट्ट धरला. सांगितलं त्यानं. बायांची मजुरी मात्र पुरुषांपेक्षा कमीच राहिली. वाळू ओळखण्याचं काम त्यांच्यावर टाकल्यावर तरी ती वाढायला हवी होती. मी ते मागितलं, मिळालं नाही, अजून मागतो आहे.

पुढच्या दोन गल्ल्या

त्यानंतर याच गँगनं शेजारच्या दोन गल्ल्या खोदल्या. आधी मोबाइलवरच्या 'कॉल बिफोर यू डिग' या सरकारी ॲपमध्ये कामाची जागा आणि तारीख भरली. २२ मार्च २०२३ ला हे ॲप सुरू झालं, बेधडक खोदाईनं वाहिन्या तुटून दरवर्षी सुमारे ३००० कोटी रुपये बुडतात असा अंदाज तेव्हा सरकारनं दिला होता. आमच्या नोंदीवर फायबरवाल्यांचा माणूस दुसऱ्या दिवशी येऊन खूण करून गेला. जुन्या पाण्याच्या लाइनी आम्हाला तिथून कळल्या नाहीत. त्या दाखवल्या गल्लीत पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमननं, रस्त्यात उभं राहून, पायानं रेघ ओढून. आता कुठल्याही कामाच्या पहिल्या सकाळी त्याला चहाला बोलावायचं असं मुकादमानं स्वतःच ठरवलंय.

आणि दिवे असलेल्या गल्लीत काठी दोनदा फिरते. एकदा दुपारी, एकदा सातनंतर, दिवे लागल्यावर. दुपारी गप्प असलेली रेघ संध्याकाळी वाजली की गेरू पडतो.

पहिल्या गल्लीत तिसऱ्या दिवशी एका मावशींनी घमेलं रिकामं करता करता खाली ठेवलं आणि डोक्यावर फुली केली. ऑपरेटर थांबला, मुकादमाकडं न बघता. घमेल्यात वाळू होती, मूठभर. हातानं उकरलं तर खाली विटांची रांग लागली. विटा आम्ही उचलल्या नाहीत, लाइनमनला बोलावलं.

दुसऱ्या गल्लीत चूक झालीच. नळजोडणीचा अर्ध्या इंचाचा प्लास्टिकचा पाइप फावड्यानं चिरला. तीन घरांचं पाणी दुपारभर गेलं. काठी त्यावर वाजणार नव्हती, पण घराच्या मीटरपासून रस्त्यातल्या मुख्य लाइनपर्यंत दोरी धरायला हवी होती, ती त्या एका घरापाशी धरली गेली नाही. मीटर पोत्यांमागं झाकलेला होता. तेव्हापासून खोदण्याआधी दारोदारी जाऊन "मीटर कुठं आहे, मावशी?" असं विचारायचं काम एकाकडं दिलं आहे. ते काम करतो तो भाजलेल्या हाताचा पोरगा. दोन महिन्यांनी परत आला. पहार धरत नाही, आणि कुणी त्याला धर म्हणत नाही. खांब मोजतो, दारं बघतो, मीटर विचारतो, आणि संध्याकाळच्या फेरीला काठी मात्र त्याच्याच हातात असते.

दुसऱ्या गल्लीच्या टोकाला, मारुतीच्या देवळाजवळ, एक केबल सापडली आहे. पॉवरवर वाजत नाही, दुपारी नाही, दिवे लागल्यावरही नाही. रेडिओवर अंधुक लागते. वीज खात्याचा माणूस म्हणतो आमची नाही, फायबरवाले म्हणतात आमची नाही, टेलिफोनवाल्यांचा माणूस अजून यायचाय. ड्रेनेजची लाइन तिथं सहा फुटांवर अडली आहे आणि ठेकेदाराचा रोज फोन येतो. जत्रा तर होऊनही गेली. गँगनं तिच्याभोवती खुंट्या ठोकल्यात. पाऊस रोज फक्की धुऊन नेतो, आणि रोज सकाळी कामाला हात लावण्याआधी मुकादम तिथं नवा गेरू टाकतो.